ऑपरेशन छान झालं, पण घरी आल्यावर दुखण्याचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर ऑपरेशनांबद्दल बरंच काही येत असतं, दुर्बिणीतून कसं करतात, रोबोटने कसं करतात, सांधा कधी बदलावा, सगळं वाचते मी. पण पेशंट घरी आल्यावर पहिल्या रात्री जो ठणका लागतो त्याचं काय करायचं, कोणती गोळी किती वाजता द्यायची, दोन गोळ्यांत गॅप किती ठेवायची, याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या मला तरी आठवत नाहीत, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे. कापायचं तर कापा, पण गोळ्यांचे आकडे तेवढे कापू नका.

मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर झालेय. पण ओळखीपाळखीच्यांचे फोन काही रिटायर होत नाहीत आणि ते येतात नेमके रात्रीच. प्रश्न सगळ्यांचा साधारण एकच, "सिस्टर, खूप दुखतंय म्हणतायत, आता गोळी दिली तर चालेल का, की सकाळपर्यंत थांबू?" मी विचारते कागदावर काय लिहिलंय, तर उत्तर येतं, पेनकिलर एसओएस. बस. म्हणजे गरज पडली तर द्या. पण गरज पडली हे ठरवायचं कुणी, दिवसात जास्तीत जास्त किती, एकीने नाही थांबलं तर दुसरी कोणती, यावर कागद गप्प. त्यात डिस्चार्जच्या वेळी नुसती गडबड, बिल भरा, फाइल घ्या, गाडी आली का बघा, आणि ज्याला सगळं समजावून सांगितलं तो पेशंट स्वतःच अर्धवट गुंगीत, त्याच्या काय कपाळ लक्षात राहणार.

मग घरी काय होतं, तर सगळे मिळून थांबतात. पेशंट म्हणतो एवढं काही नाही, सहन होतंय, घरचे कौतुकाने सांगतात की बघा बाबा किती धीराचे, अजून एक गोळी मागितली नाही, आणि मध्यरात्री तेच बाबा उशीत तोंड खुपसून कण्हत असतात. तेव्हा कुणीतरी उठून लाइट लावून गोळी शोधतं, ती पोटात जाऊन काम सुरू करायला अर्धा तास तरी लागतो, पूर्ण जोर यायला तासभर, कधी त्याहून जास्त. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतात तसला प्रकार. बरं एवढा वेळ दुखू दिलं की नसा आणखी चिडतात, पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणारे संदेश जोरात जायला लागतात, नुसता चादरीचा स्पर्शही टोचतो, आणि जी गोळी संध्याकाळी सहज पुरली असती ती आता पुरत नाही. मग लोक म्हणणार ही गोळीच फालतू आहे, जास्त पॉवरची द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले दोन-तीन दिवस साधी पेनकिलर घड्याळ बघून द्यायची, पेशंटचा चेहरा वेडावाकडा व्हायची वाट बघत बसायचं नाही. आणि हे कसं करायचं ते हॉस्पिटलने घरच्या माणसाच्या हातात लिहून द्यायचं.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली आयडिया नाही. सिसिली साँडर्स म्हणून एक बाई होत्या, आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि मग डॉक्टर झालेल्या (नर्स होत्या म्हणून मला जरा जास्तच जवळच्या वाटतात), त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळायची जागा, सुरू केलं. कॅन्सरचा पेशंट ओरडेपर्यंत थांबायचं आणि मग इंजेक्शन द्यायचं ही जी जुनी पद्धत होती ती त्यांनी मोडली, दुखणं परत डोकं वर काढायच्या आत पुढचा डोस. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी नियम काढले त्यातही हेच आलं, शक्यतो तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, शिडी चढल्यासारखं पायरीपायरीने द्या, आधी साधी गोळी, नाही पुरली तर जास्त जोराची. आता कॅन्सरचं दुखणं वेगळं आणि ऑपरेशनचं वेगळं हे मला कळतं. ऑपरेशनचं दुखणं पहिल्या ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि मग दिवसागणिक उतरत जातं, त्यामुळे आपल्याला ती शिडी वरून खाली उतरायची असते एवढाच फरक.

सहन करण्याबद्दल जरा बोलते कारण सगळी गडबड तिथेच आहे. दुखणं अंगावर काढण्याचं आपल्याकडे फार कौतुक. पण पोटावर किंवा छातीवर टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग कफ आत साचतो आणि न्यूमोनिया व्हायची भीती. दुखतं म्हणून पलंगावरून उतरत नाही, मग पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी व्हायची भीती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय वाकवत नाही, मग तो आखडतो आणि नंतर फिजिओथेरपीवाल्याने कितीही जोर लावला तरी जेवढा वाकायला हवा तेवढा वाकत नाही. झोप नाही, भूक नाही, चिडचिड वेगळीच. आणि सुरुवातीला दुखणं आवरलं नाही तर काही जणांचं ते महिनोन् महिने मागे लागतं, जखम भरून जाते तरी दुखणं राहतं. म्हणून मी म्हणते गोळी हा काही लाड नाहीये, तो ऑपरेशनचाच उरलेला भाग आहे.

अर्थात दुखणं शून्यावर आणायचं असं कुणी मनात धरू नका, तसं होत नाही आणि करायला गेलं तर औषध जास्त होतं. वॉर्डात आम्ही शून्य ते दहामधला आकडा विचारायचो, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. पण घरी मी आकड्यापेक्षा कामं विचारायला सांगते, उशी पोटाशी घट्ट धरून खोकता येतंय का, कूस बदलता येते का, धरून का होईना बाथरूमपर्यंत जाता येतंय का, सलग तीन-चार तास झोप लागली का. हे जमत असेल तर आकडा चार असला काय नि पाच असला काय, गाडी रुळावर आहे. पडून असताना दुखत नाही पण हलल्याबरोबर जीव जातो असं असेल तर औषध कमी पडतंय. फिजिओथेरपीवाला यायचाय, ड्रेसिंग बदलायचंय, आंघोळ घालायचीय, तर ठरलेल्या वेळांमध्ये बसवून त्याच्या पाऊण-एक तास आधी गोळी पोटात जायला हवी.

पहिल्या रात्रीबद्दल एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती म्हणजे भूल उतरणं. हल्ली हातापायाच्या ऑपरेशनला नसेभोवती इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात, ते बरेचदा १२ ते २४ तास टिकतं. तेवढा वेळ पेशंट मजेत, हसतोय, सगळ्यांना फोन करून सांगतोय की काही दुखलंच नाही, गोळ्या कशाला घेऊ. मग ती बधिरता उतरते आणि दुखणं एकदम अंगावर येतं, तेही बहुतेक वेळा मध्यरात्री. म्हणून मुंग्या यायला लागल्या, बोटं हलायला लागली की तेव्हाच, खरं तर त्याच्याही आधी, झोपताना पहिली गोळी गेलेली बरी. आणि बधिर हातापायाला शेकायची पिशवी लावू नका हो, चटका बसला तरी त्याला कळणार नाही. दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालेल्यांचं अजून वेगळंच, पोटाऐवजी खांदा दुखतो आणि घरचे हार्ट अटॅक समजून घाबरतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने पोट आणि छातीमधला पडदा चिडतो आणि त्या पडद्याची नस मानेतूनच निघत असल्याने दुखणं खांद्यात जाणवतं, एक-दोन दिवसांत, फार तर तीन-चार दिवसांत, जातं. थोडं चाललं की बरं वाटतं. पण त्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असं काही असेल तर मात्र गॅस म्हणून बसून राहायचं नाही, लगेच निघायचं.

आता गोळ्यांकडे येते. लोक पॅरासिटामॉलला फार हलक्यात घेतात, दोन्ही बाजूंनी. एकीकडे म्हणतात ती तर तापाची गोळी, तिने ऑपरेशनचं दुखणं काय थांबणार, आणि दुसरीकडे साधीच तर आहे म्हणून हव्या तितक्या खातात. खरं म्हणजे ऑपरेशननंतरचा पाया हीच गोळी. मोठ्या, धडधाकट माणसाला दर सहा तासांनी ५०० ते १००० मिलिग्रॅम असं साधारण देतात आणि २४ तासांत सगळं मिळून ४००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. वजन ५० किलोच्या खाली असेल, लिव्हर खराब असेल, रोजची दारू असेल तर मर्यादा त्याहून कमी, ती डॉक्टरांनी ठरवायची. घोळ कुठे होतो तर जोडगोळ्यांत. ट्रामाडॉलच्या गोळीत पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकच्या गोळीत पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, वर लिहिलेलं नाव प्रत्येकाचं वेगळं. समजा दिवसात १००० च्या चार झाल्या, म्हणजे ४००० तिथेच भरले, त्यात ट्रामाडॉलची जोडगोळी तीनदा, एकेकीत ३२५, म्हणजे आणखी ९७५, आणि सर्दी झाली म्हणून घरातली एक गोळी ५०० ची. झाले की नाही साडेपाच हजाराच्या जवळपास? आणि कुणी चूक केली असं कुणालाच वाटत नाही. लिव्हरचं वाईट असं की पहिल्या दिवशी काही कळतच नाही, थोडी मळमळ, तेही ऑपरेशनमुळे असेल म्हणून सोडून देतात, खरं नुकसान दोन-तीन दिवसांनी दिसतं. याच्यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध, पण ते लवकर, शक्यतो पहिल्या आठ तासांत मिळालं तर उत्तम काम करतं, म्हणून डोस जास्त गेलाय असं लक्षात आल्याबरोबर निघायचं, त्रास सुरू व्हायची वाट बघायची नाही. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय काय मिसळलंय ते लिहिलेलं असतं. चष्मा लावा आणि वाचा.

दुसऱ्या गटात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही मंडळी. सूज आणि दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात ती ही औषधं अडवतात. ॲस्पिरिन आणि तिची ही भावंडं हे कसं करतात ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गंमत अशी की तीच द्रव्यं पोटाचं अस्तर सांभाळतात आणि किडनीला रक्त पोचवायला मदत करतात, त्यामुळे ती अडवली की दुखणं थांबतं खरं पण पोटाला आणि किडनीला किंमत मोजावी लागते. ज्यांना आधी अल्सर झालाय, किडनी कमजोर आहे, हार्ट फेल्युअर आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, दम्यात ॲस्पिरिन चालत नाही, त्यांनी ही औषधं आपल्या मनाने घ्यायचीच नाहीत. प्रेशरच्या काही गोळ्या, त्यातही लघवी होण्याच्या गोळीसोबत चालू असतील तर, यांच्या जोडीने किडनीवर आणखी ताण आणतात, त्यात पेशंट उलट्यांनी सुकलेला असला की विचारूच नका. बाकीच्यांना थोडे दिवस, रिकाम्या पोटी न घेता, डॉक्टरांनी दिली असेल तर ॲसिडिटीच्या गोळीसोबत, चांगली लागू पडतात. पण या गटातली एका वेळी एकच! आयब्युप्रोफेनने थांबलं नाही म्हणून वर डायक्लोफेनॅक असं करणारे मी खूप बघितलेत, दुखणं त्याने फारसं कमी होत नाही, पोटातून रक्त जायची शक्यता तेवढी वाढते. केटोरोलॅक नावाची गोळी जोरदार आहे, पण इंजेक्शन आणि गोळ्या सगळं धरून पाच दिवसांच्या पुढे न्यायची नाही, आणि उरलेली स्ट्रिप नंतर दाढदुखीला वापरायची नाही. हाडाच्या ऑपरेशनमध्ये काही सर्जन हा गटच टाळतात, तेव्हा त्यांना विचारूनच.

मग पॅरासिटामॉल आणि यातली एक, दोन्ही एकत्र चालतात का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. चालतात, ज्यांना दोन्ही चालतात त्यांना, आणि एकटीदुकटीपेक्षा जोडीने जास्त फरक पडतो कारण दोघींचं काम करायचं ठिकाण वेगळं आहे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट आणि त्यांचे सहकारी डाल यांनी १९९३ मध्ये हाच विचार मांडला, एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटेने काम करणारी दोन-तीन औषधं थोडी थोडी द्या, म्हणजे आराम जास्त आणि त्रास कमी. आज जगभरात ऑपरेशननंतर याच पद्धतीने औषधं लिहितात. घरी मात्र लोक त्यातली एक गोळी आपल्या मनाने बंद करतात कारण "दोन-दोन पेनकिलर कशाला", आणि मग तिसरी, स्ट्राँगवाली, जास्त घ्यावी लागते.

त्या स्ट्राँगवाल्यांबद्दल, म्हणजे ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन वगैरे, अर्धी माणसं इतकी घाबरतात की पेशंटला तळमळत ठेवतील पण देणार नाहीत, आणि उरलेली अर्धी ती झोपेची गोळी असल्यासारखी देतात. मोठ्या ऑपरेशननंतर सांगितलेल्या डोसमध्ये थोडे दिवस घेतली तर बहुतेकांना व्यसन लागत नाही, पण थोडे दिवसच, आणि दुखण्यासाठीच. झोप येत नाही, मन लागत नाही म्हणून घ्यायला सुरुवात झाली की तिथे सावध व्हायचं. ही गोळी घड्याळावर लावू नका, डॉक्टरांनी मुद्दाम तसं लिहून दिलं नसेल तर. पॅरासिटामॉल वेळेवर, आणि तरीही हलता येत नसेल तेव्हाच ही. पेशंट गाढ झोपलेला असेल तर हिच्यासाठी उठवायचं नाही. यांचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे श्वास मंदावणं. दारूसोबत, झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांसोबत, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेल्या घोरणाऱ्या माणसाला हा धोका कितीतरी पटीने वाढतो. माणूस हाका मारूनही नीट जागा होत नाही, श्वास अगदी सावकाश चाललाय, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, ओठ निळसर दिसतायत, तर सकाळी बघू म्हणायचं नाही, तेव्हाच्या तेव्हा ॲम्ब्युलन्स. नॅलोक्झोन नावाचं औषध असतं त्याने उतार पडतो. ज्यांना फिट्स येतात किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी ट्रामाडॉल घ्यायच्या आधी डॉक्टरांना ते तोंडाने सांगावं, फाइलमध्ये लिहिलंय म्हणून त्यांनी वाचलंच असेल असं धरू नये. गाडी चालवणं, सह्या करणं, व्यवहार करणं, सगळं बंद. ज्या गोळीवर एसआर किंवा ईआर लिहिलंय, म्हणजे जिच्यातलं औषध सावकाश सुटतं, ती फोडून, कुटून द्यायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

आणि बद्धकोष्ठ! हा विषय कुणी काढत नाही, लाज वाटते, पण मला तिसऱ्या दिवशी येणाऱ्या फोनमध्ये दुखण्यापेक्षा हेच जास्त असतं. या स्ट्राँग गोळ्यांनी आतडी सुस्तावतात, आणि मळमळ किंवा गुंगीची शरीराला हळूहळू सवय होते तशी याची होत नाही, गोळी चालू आहे तोवर त्रास चालू. पोटाचे टाके आणि त्यात कुंथायचं, कल्पना करा. म्हणून स्ट्राँग गोळी सुरू झाली त्याच दिवशी शौचाला साफ होण्याचं औषधही सुरू व्हायला हवं, तिसऱ्या दिवसापर्यंत वाट बघून मग धावाधाव करण्यापेक्षा. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर विचारा, अहो लाजायचं काय त्यात, आम्ही आयुष्यभर तेच विचारत आलोय.

बंद करताना कसं उतरायचं हेही कुणी सांगत नाही. आधी स्ट्राँगवाली कमी करत बंद, मग सुजेची, आणि पॅरासिटामॉल सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, साधी बंद करून टाकतात आणि स्ट्राँगवर राहतात कारण "एका गोळीत काम होतं".

लहान मुलांचं वजनावर असतं, वयावर नाही. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला १५० ते २२५. पण सिरप वेगवेगळ्या ताकदीचं येतं, एकात ५ मिलीत १२० आणि दुसऱ्यात त्याच ५ मिलीत २५०, दुपटीहून जास्त, त्यामुळे मागच्या वेळी एक झाकण दिलं होतं म्हणून आताही एक झाकण हा हिशोब चालत नाही. घरातला चमचाही नको, बाटलीसोबतची सिरिंज किंवा मापाचं झाकणच वापरा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, २०१७ मध्ये कोडीन आणि ट्रामाडॉल १२ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बजावलं, टॉन्सिल्सच्या ऑपरेशननंतर तर १८ च्या खालीही नाही, कारण काही मुलांच्या शरीरात ही औषधं फार झपाट्याने जास्त तीव्र रूपात बदलतात आणि श्वास मंदावतो. तेव्हाच अंगावर पाजणाऱ्या आयांनाही ही दोन टाळायला सांगितलं. सिझरियननंतर पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन साधारणपणे चालतात, तेवढ्यावर बऱ्याच जणींचं भागतं.

म्हातारी माणसं दुखतंय असं सांगतच नाहीत, विशेषतः आज्या. "काही नाही गं" एवढंच. ज्यांना विसरायचा आजार आहे त्यांना तर सांगताच येत नाही, तिथे बघावं लागतं, कपाळावर आठ्या, हात लावला की आखडणं, जेवण नको म्हणणं, उगाच चिडणं. त्याच वेळी डोस मात्र कमीपासून सुरू, कारण किडनी मंद झालेली असते आणि स्ट्राँग गोळीने आजी रात्रीत भलतंसलतं बडबडायला लागतात, उठून चालायला जातात आणि पडतात. बडबड सुरू झाली तर ती वयामुळेच असणार असं धरून बसू नका, गोळीमुळे असू शकते, लघवी तुंबल्यामुळे असू शकते, कळवा.

"पेनकिलर दिली तर आत काही बिघडलेलं कळणार नाही" असं भेटायला आलेलं कुणीतरी हमखास सांगून जातं. ठरल्या डोसमध्ये तसं सहसा होत नाही, आतलं खरं दुखणं गोळीला दाद न देता वर येतं. कमी होत आलेलं दुखणं परत वाढायला लागलं, कालपर्यंत पुरणारी गोळी आज पुरेना, तर तोच निरोप समजा, डोस वाढवू नका, फोन करा. जखम लाल, गरम, पू, ताप ३८ सेल्सिअसच्या म्हणजे १००.४ फॅरेनहाइटच्या वर (पॅरासिटामॉल ताप उतरवते, म्हणून थर्मामीटर डोस द्यायच्या आधी लावायचा), एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, पोट फुगून उलट्या, लघवी न होणं, काळी शौच, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी दाखवायचं. छातीत दुखून धाप लागली तर त्या क्षणी. प्लॅस्टर घातलेल्या हातापायाची बोटं निळी, थंड, बधिर पडली आणि बोट नुसतं ताणलं तरी जीव जातोय असं झालं तर एक तासही घालवू नका, आत दाब वाढून स्नायू मरायला लागतात, तिथे कोणतीही गोळी उपयोगाची नाही. मणक्यात भूल दिलेल्यांना बसलं की डोकं प्रचंड दुखतं आणि आडवं झालं की थांबतं असं झालं, तर तेही घरगुती डोकेदुखी म्हणून काढू नका, त्यावर वेगळे उपाय आहेत.

हॉस्पिटलवाल्यांना माझी विनंती अशी की डिस्चार्जच्या फाइलमध्ये दुखण्याच्या औषधांचा एक वेगळा कागद ठेवा, मोठ्या अक्षरात, आणि तो पेशंटला न समजावता रात्री जो घरी जागणार आहे त्याला बसवून समजवा. शेवटची गोळी वॉर्डात किती वाजता दिली हे त्यावर सगळ्यात वर हवं, कारण घरी गेल्यावर पहिला गोंधळ तिथेच होतो, कुणी परत लगेच देतं, कुणी रात्रीपर्यंत देतच नाही. एसओएस लिहायचं तर त्यापुढे दोन गोळ्यांत किमान किती तास आणि दिवसाला जास्तीत जास्त किती हे लिहा, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. ऑपरेशनच्या आधीच हे सांगितलं तर अजून उत्तम, तेव्हा माणसाचं डोकं ठिकाणावर असतं आणि त्याच्या आधीपासूनच्या गोळ्या काय आहेत तेही निवांत विचारता येतं. स्ट्राँग गोळ्या भरमसाट लिहू नका, उरलेल्या स्ट्रिप कपाटात पडून राहतात आणि मग कंबरदुखीसाठी शेजाऱ्याला दिल्या जातात नाहीतर घरातल्या पोराच्या हाती लागतात. घरच्यांनीही त्या कुलपात ठेवाव्यात, मोजून ठेवाव्यात, उरल्या तर केमिस्टकडे किंवा हॉस्पिटलमध्ये परत घेतात का विचारावं.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. तुमच्या आरोग्याच्या पानावर एकदा एक रिकामा तक्ता छापाल का, कापून भिंतीवर लावता येईल असा? वेळ, गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम, त्या वेळी हलताना किती दुखत होतं, ताप, शौचाला झालं का, एवढेच रकाने, आणि खाली एक मोकळी ओळ, आज पॅरासिटामॉल एकूण किती झाली ते लिहायला. माझ्याकडे फोन येतो तेव्हा मी आधी हेच विचारते आणि निम्म्या वेळा समोरचा म्हणतो, थांबा, ताईने दुपारी काय दिलं ते तिला विचारून सांगतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका